काट्यापुढं तोंड उघडायचं नाही

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते भेंडी चिरायचं. इथं टेक्सासात, शुगर लँडच्या उन्हात मागच्या अंगणात भेंडी मस्त येते. ही देठं काढून देत होती, मी चिरत होतो. ही म्हणजे प्रमिला, माझी बायको. माझा एक तुकडा तिनं बोटावर तोलला, मग दुसरा तोलला, आणि म्हणाली, "अहो, हा त्याच्या दुप्पट आहे. एक करपेल, एक कच्चा राहील. एस.टी.च्या डेपोत नटही असेच लावत होते का?"

मी म्हटलं, "तुझ्या बापाचं दुकान नाही हे. भाजी आहे."

"भाजीलेही वजन असते," ती म्हणाली आणि जरा पडते म्हणून आत गेली. चहाच्या वेळेला हाक मारली तर उठली नाही. ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मी सातवी शिकलेला माणूस. जन्मभर नट आवळायचे पाने चालवले, पेन नाही. पण इथल्या आपल्या मराठी मंडळानं तिच्यावर एक पान छापलं. त्यात लिहिलं, "प्रेमळ, सुगरण, सर्वांच्या लाडक्या काकू." ते वाचून माझं डोकं फिरलं. सुगरण? तिच्या वरणात डाळ शोधावी लागायची. प्रेमळ? त्या इंडियन किराणावाल्याला विचारा. पनीरचं पाकीट हातावर घ्यायची, "कमी आहे" म्हणायची आणि त्याला काट्यावर ठेवायला लावायची. दहातून नऊ वेळा कमी निघायचं. दहाव्या वेळी ती म्हणायची, "तुमचा काटा बिघडला." आणि लाडकी? शेवटच्या तीन महिन्यांत त्यातलं कोणी दारात आलं नाही. जे त्यांना छापायची लाज वाटली ते मी लिहून राहिलो. माझी बायको बंदुकीची काडतुसं भरायची, आणि तिच्यासारखी भरणारा मी पाहिला नाही.

ती मंगरूळपीरच्या सोनाराची मुलगी. तिचा बाप सोनं तोलायला बसला की घर गप्प व्हायचं. श्वासानं पारडं हलतं म्हणून तो नाकाला उपरण्याचं टोक लावायचा. लेकरं रडली तर त्यांना बाहेर काढायचे. त्याचं एकच वाक्य हिनं जन्मभर वापरलं: काट्यापुढं तोंड उघडायचं नाही. मी जेवताना जास्त बोललो तरी तेच ऐकवायची. मी म्हणायचो, ताटापुढं काटा कुठं आहे? ती म्हणायची, तुमच्यापुढं मी बसली आहे ना.

मुलगा प्रशांत इथं तेल कंपनीत इंजिनियर झाला आणि आम्हाला दोघांना घेऊन आला. शेजारी वॉल्टर. ऐंशीच्या पुढचा, उंच, जन्म तेलाच्या विहिरींवर गेलेला, बायको वारलेली. त्याच्या गॅरेजात गाडी नव्हती. तिथं एक लांब टेबल, टेबलावर हातदांड्याचा प्रेस आणि भिंतीवर आजोबाची रायफल. मोठ्या तोंडाची, जुन्या घडणीची. मागचं झाकण उचलायचं, एक काडतूस घालायचं, एक बार काढायचा, बस. दुकानातलं काडतूस वॉल्टरला चालत नसे. झाडलेली पितळेची पुंगळी तो जपून ठेवायचा. ती धुवायची, प्रेसमध्ये घालून मापावर आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून भरायची आणि वर करंगळीएवढी जाड शिशाची गोळी दाबायची. हे त्याचं पन्नास वर्षांचं वेड होतं.

ही एकदा त्याला थालीपीठ द्यायला गेली. मी मागं होतो. वॉल्टर दारू तोलत होता आणि त्याचा हात पिंपळाच्या पानासारखा थरथरत होता. अर्धी दारू पारड्यात, अर्धी टेबलावर.

"बाप्पा! हे काय करून राहिले तुम्ही?" ही ओरडली. थालीपीठ दिलं माझ्या हातात, त्या एवढ्या उंच माणसाचं मनगट धरलं आणि त्याला खुर्चीवर बसवलं.

वॉल्टर मला म्हणाला, "व्हॉट इज शी डूइंग?"

मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, "चुकलेलं वजन तिला दिसत नाही. म्हणजे दिसतं, म्हणूनच."

तिनं पहिलं काम केलं ते पंखा बंद करायचं. टेक्सासचा जून महिना, गॅरेजचं पत्र्याचं दार तापलेलं, आणि हिनं पंखा बंद केला. वॉल्टर काही बोलायला गेला तर ओठावर बोट ठेवून म्हणाली, "नो टॉक." त्याला वाटलं बाई भांडते आहे. पाच मिनिटांनी तिनं पहिली पुंगळी भरून दिली. त्यानं पुन्हा तोलून पाहिली. मग डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. त्या दिवसापासून तो तिला मिस प्रमिला म्हणायला लागला.

बापाच्या दुकानातल्या चार गुंजा तिच्याकडं होत्या, लाल, काळ्या ठिपक्याच्या. दुसऱ्या दिवशी त्यातली एक तिनं वॉल्टरच्या काट्यावर टाकली. हे लोक दारू ग्रेनमध्ये तोलतात. काटा दोनच्या जरा अलीकडं थांबला, म्हणजे एक गुंज जवळजवळ दोन ग्रेन. ही इतकी खूश झाली की घरी येऊन सुनेला सांगितलं, "इथंही आपलंच वजन आहे." सून मंजिरी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "छान, आई."

मग ते मंगळवार-शुक्रवारचं कामच झालं. तिचे नियम वॉल्टरहून कडक. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दुसरा दिसला तर ती उठून जायची. भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीनं उभ्या राहिल्या की मी बॅटरी घेऊन एकेकीत उजेड टाकायचा, आणि तिनं वाकून बघायचं की दारू सारख्या उंचीला आहे का. ती बघेपर्यंत एकाही पुंगळीवर गोळी बसवायची नाही. माझं काम तेवढंच, बॅटरीचं. "हात हलवू नका, मूर्तीला ओवाळून नाही राहिले," असंही ऐकायचो.

एकदा चाळीस पुंगळ्या भरत आल्या होत्या. दारावरची बेल वाजली, कुरिअरवाला होता. वॉल्टर उठला, बसला. हिनं हात आखडला. सदतिसावी भरली की नाही, तिला आठवेना. मी म्हटलं, "भरली. मी पाहिली."

"तुम्ही बेलकडं पाहत होते."

"अगं, उजेड टाकून बघ ना. दिसेलच."

"दिसेल तर दिसेल. शंका आली की ओतायचं." आणि तिनं चाळीसच्या चाळीस डब्यात ओतल्या आणि पहिलीपासून सुरुवात केली. त्या उकाड्यात. पंखा बंद. वॉल्टर मला हळूच म्हणाला, "माझी बायको असती तर मी पळून गेलो असतो." मी म्हटलं, "मी पळालो होतो. तिनं मोजून परत आणलं."

मंडळात हे कळलं तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, तुम्ही तर अंडंही खात नाही. आणि बंदुकीची दारू कशी काय भरता?"

ही म्हणाली, "तुमचा नवरा तेल कंपनीत आहे ना? तो तेल पितो का?"

बायका हसल्या. पण त्या बाईनं ते लक्षात ठेवलं.

आता रायफल निवडायची गोष्ट. वॉल्टरला मरायच्या आधी एकदा दक्षिणेच्या रँचवर नीलगाय मारायची होती. हो, आपली नीलगाय. इथं कोणीतरी कधीकाळी आणून सोडली, आता कळप झालेत. आमच्या वऱ्हाडात तिला रोही म्हणतात. वॉल्टरच्या मोबाइलवर फोटो पाहून ही म्हणाली, "ही तर आमची तूर खाणारी!"

आजोबाची रायफल एवढ्या जनावराला कमी पडेल म्हणून नवी घ्यायची ठरलं. दुकानात आम्ही चौघं गेलो. चौथा ट्रॅव्हिस, वॉल्टरच्या बहिणीचा मुलगा, चाळिशीचा, हातावर गोंदण, प्रत्येक गोष्टीत मत. त्याला बारीक गोळीची, लांब मारणारी, वेगाची रायफल हवी होती. दुकानदारही त्याच्याशीच बोलत होता, जणू वॉल्टर कोपऱ्यातली छत्री.

हिनं मला विचारलं, "वॉल्टरला विचारा, रोही किती लांबून मारणार?"

"शंभर पावलं," वॉल्टर म्हणाला. "त्याहून लांब मला दिसत नाही."

"मग पळणारी गोळी कशाला? जड पाहिजे." आणि तिनं लहानपणीचं सांगितलं. तिच्या मामाच्या शेतात एकानं ठासणीच्या बंदुकीनं रोही मारली. ती पडली नाही, पळाली. तिसऱ्या दिवशी नाल्यात सापडली, वासावरून. "अर्धं मारणं पाप आहे. मारायची तर एकदाच, नाहीतर हात लावायचा नाही."

मी हे मोडक्या इंग्रजीत सांगितलं. वॉल्टर म्हणाला, "हेच माझे आजोबा म्हणायचे. जड, हळू, जवळून." ट्रॅव्हिस हसला. "आँटी रायफल एक्स्पर्ट आहेत का?" ही त्याच्याकडं न पाहता मला म्हणाली, "त्याले सांगा, तोंडानं रोही मरत असती तर त्यानं कळप संपवला असता." मी ते सांगितलं नाही. पण वॉल्टरला सुरावरून समजलं आणि तो एवढा हसला की ट्रॅव्हिसचं तोंड उतरलं. ते तोंड मी तेव्हा नीट पाहायला हवं होतं.

वॉल्टरनं नवी रायफल घेतली ती आजोबाच्याच काडतुसाची. मोठं तोंड, जड गोळी, पण पोलाद आजचं. मी फिटर माणूस, मला लगेच खटकलं. दोन्हीत काडतूस एकच बसणार. नवीला दाब सोसतो, तिला दारू जोराची द्यायची. आजोबाच्या रायफलीला शंभरावर वर्षं झालेली, तिला हलकीच भरायची. आणि बाहेरून दोन्ही काडतुसं जुळी. नवीचं काडतूस जुनीत गेलं तर संपलं.

मी बोललो. हिनं ऐकलं, घरी गेली आणि नातीच्या खोलीतून नेलपॉलिशच्या दोन बाटल्या घेऊन आली. जुनीच्या काडतुसाच्या बुडाला हिरवा ठिपका, नवीच्या बुडाला लाल. डबेही तसेच रंगवले. एका डब्यात वीस, ना एक कमी, ना एक जास्त. हिरवी मंगळवारी भरायची, लाल शुक्रवारी. एका दिवशी दोन्ही नाही. नात दोन दिवस ओरडत होती, "आजी, दॅट वॉज माय फेव्हरेट!"

शिकारीच्या आधी ट्रॅव्हिस दोन्ही रायफली आणि दोन्ही नवे डबे घेऊन नेमबाजीच्या मैदानावर गेला. वॉल्टरला बरं नव्हतं म्हणून तो घरी राहिला. पहिलाच बार आजोबाच्या रायफलीतून, आणि झाकण फुटलं. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. भुवई फाटली, अंगठा मोडला. पुंगळीचं बूड फाटून काळं ठिक्कर झालं होतं. त्यावर ठिपका कुठला दिसणार?

ट्रॅव्हिस म्हणाला, काडतूस हिरव्या डब्यातलं होतं. म्हातारीनं चुकीची दारू भरली. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, तिला काय दिसतं?

ही वॉल्टरच्या दारात जाऊन उभी राहिली. "डबे आणा. मी मोजते. हिरव्यातलं एक कमी असेल तर चूक माझी. लालमधलं कमी असेल तर त्याची."

एवढं सोपं. पाचवीच्या पोराला समजेल. ट्रॅव्हिस म्हणाला, धोक्याचे होते म्हणून डबे तिथंच टाकून दिले. वॉल्टर खुर्चीत बसून जमिनीकडं पाहत होता. हिनं दोनदा विचारलं, "वॉल्टर?" तो वर पाहिना. ती घरी आली आणि परत त्या गॅरेजात गेली नाही.

आता आमच्या घरचं सांगतो. परक्याला शिव्या देऊन घरचं झाकणारा मी नव्हे. प्रशांत घाबरला. म्हणाला, "आई, हे लोक स्यू करतील. घर जाईल. तू एक सॉरी लिहून दे, मॅटर क्लोज करू."

"सॉरी कशाचं?"

"अगं, चूक कुणाचीही होते. तुझं वय..."

"माझं वय काट्यावर बसत नाही," ती म्हणाली. "सॉरी म्हणायला माझं काही जात नाही. पण खोटं वजन मी बापासाठी केलं नाही, तुझ्यासाठी कशी करू?"

मग प्रशांत माझ्याकडं वळला. "बाबा, बॅटरी तुम्ही धरत होता. तुम्ही हंड्रेड पर्सेंट शुअर आहात?"

मी शुअर होतो. एकेक पुंगळी मी पाहिली होती. पण समोर इंजिनियर मुलगा, त्याचं घर, त्याचा घाबरलेला चेहरा. आणि माझ्या तोंडून निघालं, "मला वाटतं, बरोबर होतं."

मला वाटतं. चाळीस वर्षं जिनं शंका आली की ओतलं, तिच्या बाजूनं मी म्हणालो, मला वाटतं. ती ओट्याजवळ उभी होती. हातातलं भांडं जागेवर ठेवलं आणि खोलीत गेली. वॉल्टरवर माझा राग आहे, प्रशांतवर आहे, मंडळावर आहे, ज्यांनी रायफल फुटल्याचं कळताच गणपतीच्या स्वयंपाकाच्या यादीतून तिचं नाव "काकूंना त्रास नको" म्हणून काढलं. ती हळदीकुंकवाची बाई यादी करणाऱ्यांत होती. पण पहिला राग कोणावर, ते मला ठाऊक आहे.

नंतरचे तीन महिने ती ठीकच वागली. भांडली, वरण पातळ केलं, किराणावाल्याला छळलं. फक्त एक बदल झाला. काही तोलायचं आलं की प्रशांतनं आणलेला बटणाचा काटा लावायची. हातावर तोलणं बंद केलं होतं. म्हणून त्या दुपारी भेंडीचा तुकडा बोटावर घेतला तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, आली परत.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं. मंडळातले आले, ऑफिसातले आले, ॲल्युमिनियमच्या झाकणाखाली पुलाव आला. ती बाईही आली, "काकू किती ॲक्टिव्ह होत्या" म्हणाली. नऊ वाजता बेल वाजली. मी दार उघडलं.

वॉल्टर. स्वच्छ शर्ट, डोक्यावर टोपी नाही. दोन्ही हातांत दोन डबे, एक हिरवा, एक लाल. आत पितळ वाजत होतं.

"ट्रॅव्हिसनं टाकले नव्हते," तो म्हणाला. "माझ्या कपाटात होते. रायफल फुटली त्याच संध्याकाळी मी मोजले." पुढं म्हणाला, "तो माझ्या बहिणीचा एकुलता एक आहे." आणखी म्हणाला, "मी सांगणार होतो." मग रडायला लागला.

मी डबे त्याच्या हातातून घेतले. आत या म्हटलं नाही. बसा म्हटलं नाही. या देशात आल्यापासून दारात आलेल्या माणसाला मी पहिल्यांदा पाणी विचारलं नाही.

आत गेलो. दिवाणखान्याच्या मधल्या टेबलावर फुलं होती ती बाजूला सारली आणि डबे ठेवले. प्रशांत कोणाशी तरी फ्यूनरल होमची वेळ ठरवत होता.

"प्रशांत, इकडं ये. मोज."

त्यानं डबे पाहिले. ओळखले. "बाबा, आत्ता नको. लोक आहेत."

"लोक आहेत म्हणूनच. मोज. मोठ्यानं."

तो गुडघ्यावर बसला. हिरवा डबा उघडला. एकेक काडतूस उभं करत इंग्रजीत मोजत गेला. बूड वर, हिरवा ठिपका. ट्वेंटी. मग लाल. सेव्हन्टीन, एटीन, नाइन्टीन. डबा रिकामा झाला. तरी त्यानं बोट आत घालून चाचपलं. दार उघडंच होतं आणि वॉल्टर अजून पायरीवर होता.

"पुन्हा मोज," मी म्हटलं.

दुसऱ्या वेळी त्यानं मराठीत मोजलं. अठराला त्याचा आवाज गेला. एकोणीस मी म्हटलं.